रुमालाखालचे गुण

अमरावतीच्या इतवारा बाजारात मैनाबाईच्या वांग्यांपुढे शकुन अडून बसली होती. मैनाबाई दोन आण्यांच्या खाली उतरेना, शकुन दीडच्या वर चढेना. शेवटी शकुननं आपली टोपली उचलली आणि सरळ चालू लागली.

"अवो बाई, घ्या ना दोन आण्याले! चांगली हायेत वांगी," शेजारी उभा असलेला उंच, सावळा तरुण कळवळून म्हणाला.

झालं! मैनाबाईनं वांगी तागडीत टाकलीसुद्धा.

शकुन गर्रकन वळली. "तुमाले कोनं इचारलं? जराशी पुढं गेली असती तं हिनंच हाक मारली असती."

"मारनारच होती," मैनाबाई पदराआड हसली.

"मले वाटलं, तुमी खरंच चालल्या..." तो ओशाळला.

"चालली म्हनून दाखवा लागते. तवा समोरचा मनातलं बोलते. काय काम करता तुमी?"

"काम नाई अजून. दलालीचा परवाना काढाले आलो... अकोल्याहून."

शकुननं त्याला टोपीपासून वहाणांपर्यंत न्याहाळलं. "दलाली! मंग कठीनच हाय."

संध्याकाळी तोच तरुण तिच्या ओसरीवर उभा. नाव देवीदास. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीकाठी, त्याच्या घरच्यांचा फुलांचा मळा. मामा खुशालराव तिथल्या कापूस बाजारात अडते, म्हणजे मोठे दलाल. परवाना मिळाला तर मामा गादीवर बसवणार होते, नाहीतर पुन्हा मळा आणि पाण्याची मोट. आणि परीक्षेची तयारी करून घ्यावी तर अमरावतीच्या केशवरावांनीच, असं अख्खं वऱ्हाड म्हणायचं. केशवराव म्हणजे शकुनचे वडील.

लेखी हिशेबात देवीदास पक्का होता. अडत, तोलाई, हमाली तो झरझर मांडायचा. घोडं अडलं ते रुमालाखाली. कापसाचा भाव तेव्हा तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, पंजा आवळला की पाच. बाजार कमेटी परीक्षेत हेच बघायची.

केशवरावांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. म्हणून ते पाटीवर आकडा लिहून शकुनला दाखवायचे, शकुन रुमालाखाली देवीदासची बोटं दाबायची, आणि देवीदासनं सांगितलं की केशवराव पाटी फिरवायचे. बाप समोर बसलेला, त्यामुळे कुणाला नावं ठेवायची सोय नव्हती.

पहिल्या दिवशी दहापैकी सात. वा!

मग पाच. मग चार. मग तीन.

"काय गा, शिकून राहिला का इसरून राहिला?" केशवराव कपाळाला हात लावायचे.

देवीदास मान खाली घालून हसायचा. शकुन रुमालाची घडी घालत बसायची... गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. त्यानं कधी येताना शेवंती आणली तर "वांगी आनली असती तं भाजी तरी झाली असती," म्हणायची आणि आत जाऊन ती माळायची.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा देवीदास टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"काकाजी, मी नाई बसत परीक्षेले. उद्या गाडीनं चाललो."

शकुनच्या हातून रुमाल गळला.

केशवरावांनी पाटी उपडी ठेवली, रुमाल स्वतःच्या हातावर ओढला आणि म्हणाले, "ये. आज माह्यासंगं."

ती बोटं धड एका जागी राहत नव्हती. तरी देवीदासनं आकडा सांगितला. बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा... दहाच्या दहा!

केशवरावांनी लेकीकडे पाहिलं. "हात माहा थरथरते शकुन, अन् चुका तुह्या होतात?" एवढं बोलून ते सुपारी शोधायला आत गेले. सुपारी त्यांच्या खिशातच होती.

ओसरीवर दोघंच उरली.

"तुमाले ठाऊक होतं?" शकुननं खाली बघतच विचारलं.

"पाटी फिरवली का दिसतच होतं ना. तुमी चार दाबा, पाटीवर सहा."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तुमाले बोलनी बसली असती. अन् रुमालही गेला असता."

"नापास झाले असते तं?"

"तुमालेच तं तसं पाह्यजे होतं."

"मले नापास नोतं कराचं!" तिचा आवाज एकदम भरून आला. "पन तुमी पास झाले का... अकोल्याले जान. मंग इथं कोन येते—"

ती थांबली. बोलून बसली होती. देवीदासच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं, आणि तिच्या डोक्यात वांग्यांचा सौदा लख्ख उजळला.

"तुमी... उद्या जातच नोते!"

"चाललो म्हनून दाखवा लागते," तो हळूच म्हणाला. "तुमीच शिकवलं."

"लबाड! चांगले दलाल व्हाल."

"होतो ना. तुमी खरे आकडे दाबा फक्त. अन् अकोला का इलायतेत हाय? बडनेऱ्याले गाडीत बसलं का आलंच."

उरलेल्या दिवसांत शकुननं एकही आकडा चुकवला नाही.

देवीदास पास झाला. पंधरवड्यानं खुशालराव मामा भाच्याला घेऊन त्याच ओसरीवर आले आणि त्यांनी शकुनला मागणी घातली. केशवरावांनी मामांपुढे सुपारी धरली. मग म्हणाले, "मले पसंत हाय. पन लेक काय म्हनते ते तिलेच इचारा. रीतीनं."

आणि त्यांनी रुमाल देवीदासच्या हातावर टाकला.

शकुननं मान वळवून हात रुमालाखाली सरकवला. मामा पुढे झुकले. केशवरावांनी पाटी मांडीवर घेतली. शकुनच्या बांगड्या किणकिणल्या आणि थांबल्या. देवीदासचे कान लाल झाले.

"सांग गा, काय म्हनते?"

देवीदासचा हात काही रुमालाबाहेर आला नाही.

"समजलं नाई काकाजी," परवानाधारक दलाल म्हणाला. "अजून एकदा घ्या लागन."

केशवरावांनी पाटीवर भलंमोठं शून्य काढलं, आणि हसू लपवायला तोंड फिरवलं.