भाषेचे शून्य गुण

कळंबच्या स्टँडवर येरमाळ्याची गाडी लागली तेव्हा वैदेही इतकी धुमसत होती, की बाकावर जागा धरायला कुणीतरी टाकलेला रुमाल तिनं सरळ उचलला, आपल्या वर्गातल्या, पाचवीच्या राजीला खिडकीशी सरकवलं आणि शेजारी बसली.

"अहो… रुमाल माझा आहे," मागून हळूच आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, डोळ्यांत संकोच… आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली. तासाभरापूर्वी हाच तर परीक्षक म्हणून स्टेजवर बसला होता! लेखक नंदीश.

"घ्या. तोंडावर धरायला होईल," ती म्हणाली. "नाहीतरी ते उघडत नाहीच."

तालुक्याची कथाकथन स्पर्धा होती. गावातला पाण्याचा टँकर रोज वरच्या आळीत रिकामा व्हायचा, तेव्हा राजीच्या आईनं त्याच्यासमोर घागर ठेवून तो कसा अडवला, ते राजीनं सांगितलं होतं. "माय म्हणली, घाल अंगावर! पर आदी आमच्या घागरीत पानी घाल!" पोरं टाळ्या पिटत होती. तेवढ्यात मुख्य परीक्षक आण्णासाहेबांनी माइक ओढला. "ही भाषा घरी ठेवून यायची. आधी शुद्ध बोलायला शिक. भाषेचे शून्य गुण." सभागृह हसलं. राजी खाली मान घालून उतरली.

"तुम्ही किती दिले?" वैदेहीनं विचारलं.

"अठ्ठेचाळीस." तो दांडा धरून उभा होता. "पन्नासपैकी."

"मग बोलला का नाहीत?"

त्यानं रुमालाची घडी करून खिशात घातली. येरमाळ्यापर्यंत तो खिडकीबाहेरच बघत राहिला.

त्यानंतर राजीही वर्गात बोलेनाशी झाली. काही विचारलं की आधी वैदेहीच्या ओठांकडे बघायची आणि पुस्तकातलं वाचावं तसं "नाही, बाई" म्हणायची. सहा वर्षांत पोरांना बोलतं करायला वैदेहीनं जिवाचं रान केलं होतं. एका माणसानं एका वाक्यात सगळं धुऊन टाकलं, त्याचा तिला रोज नव्यानं संताप यायचा.

शनिवारी शाळेच्या फाटकाशी मोटारसायकल थांबली. नंदीश वर्गात आला आणि सरळ राजीसमोर सतरंजीवर बसला.

"राजी, तुझं काही चुकलं नव्हतं. मी भ्यालो. आण्णासाहेबांच्या कॉलेजात मी तासिकेवर शिकवतो. तिथं गप्प बसायची सवय लागली."

राजी नखानं सतरंजी उसवत राहिली.

"माझी आई, नीलम्मा, उमरग्याकडची. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलते. पुण्यात शिकत होतो तेव्हा ती होस्टेलवर आली, अन् मी मित्रांदेखत तिला म्हणालो, तू बोलू नको." तो सतरंजीकडे बघत राहिला. "ती दोन दिवस राहिली. बोलली नाही."

राजीनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "लई वंगाळ केलं तुमी," ती म्हणाली.

दाराशी उभ्या वैदेहीला एकदम हसूच फुटलं.

तो पुढच्या शनिवारी आला, त्याच्या पुढच्याही. पोरं सांगायची, तो तसंच्या तसं उतरवून घ्यायचा. त्यातून पुस्तक आकाराला आलं. छपाईआधीची मुद्रितं तपासताना दोघांची डोकी जवळ यायची… आणि वैदेही उगाच खडू शोधायला उठायची.

"दर शनिवारी पोरांसाठीच येता ना?" तिनं एकदा विचारलं.

"पोरांसाठीच. पण रविवारी करमत नाही, ते कुणासाठी… ते अजून तपासतोय."

"तपासा. घाई नाही," ती म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

वर्षअखेरीस त्या स्पर्धेचा बक्षीस समारंभ ठरला, त्याचं सूत्रसंचालन नंदीशकडे आलं. "काही करू नका हं," वैदेहीनं बजावलं. "नोकरी जाईल." त्यानं मान हलवली. आणि आण्णासाहेबांचं भाषण संपताच माइकवर म्हणाला, "आता राजी गोष्ट सांगेल. तिच्या आईच्या भाषेत. मी त्या दिवशी गप्प बसलो, म्हणून आज आधी तिची माफी मागतो."

आण्णासाहेबांनी हातानं 'बंद करा' म्हणून खुणावलं. माइक बंद झाला. राजी क्षणभर थबकली आणि मग मोकळ्या आवाजात, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल अशी बोलू लागली. गोष्टीतला टँकर थांबला तेव्हा मागच्या रांगेतल्या बाया उठून उभ्या राहिल्या.

खाली उतरल्यावर आण्णासाहेब नंदीशला एवढंच म्हणाले, "सोमवारपासून येऊ नका."

स्टँडसमोरच्या हॉटेलात वैदेहीनं वहीचं पान टरकन फाडलं. "खरं बोललात म्हणून काढतात! सोडायचं नाही हे. शिक्षणाधिकाऱ्यांना लिहू, पेपरला देऊ. सांगा तुम्ही."

तो सांगत गेला, ती लिहीत गेली. मुलांच्या बोलीला गुण कापणं बंद करा, माइक बंद करणाऱ्यांनी राजीची जाहीर माफी मागावी… चहावर साय धरली.

"खाली 'आपले नम्र' लिहा," तो म्हणाला.

तिनं लिहिलं, क्षणभर पाहिलं आणि 'नम्र' खोडलं. सही करून कागद त्याच्यापुढं सरकवला. त्यानं तिच्या नावाला लागून आपलं नाव लिहिलं, पण पेन काही खाली ठेवलं नाही.

"वैदेही… माझ्याकडं आता नोकरी नाही. तरी विचारतो. अशी किती कागदांवर नावं शेजारी शेजारी लिहायची आपण?"

"चिक्कार," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. "अजून पुष्कळ अर्ज करायचेत. मधे एखादी लग्नपत्रिकाही छापून घेऊ."