ज्वारीची बिअर आणि एकच उघडं दार

"कुठलाही कार्यक्रम पैसेवसूल आहे की नाही, ते मी गेटवरूनच सांगते. आत जायचीसुद्धा गरज पडत नाही!" देवश्रीने मोबाईलच्या कॅमेऱ्याकडे बघून भुवई उडवली आणि केस कानामागे सारले. "आणि आज मी आलेय आपल्या नगरच्या पहिल्यावहिल्या क्राफ्ट बिअर महोत्सवात. ही माझ्या पाठीमागची रांग बघा! काय शिस्त, काय संयम, चेहऱ्यावर केवढी ओढ! नगरकर उन्हात निमूट उभा राहतोय म्हणजे माल चोख असणार. माझ्याकडून आत्ताच पाचपैकी साडेचार!"

"मॅडम..." पाठीमागून दबका आवाज आला.

"एक मिनिट हां, रेकॉर्डिंग चालू आहे."

"म्हणूनच म्हणतोय. ही रांग बिअरची नाहीये."

"मग कशाची?"

"टॉयलेटची."

देवश्रीने मोबाईल खाली घेतला. रांगेतला शेवटचा माणूस वळून तिच्याकडे बघत होता. उंच, सावळा, निळ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तो हसत नव्हता. हसू दाबण्यासाठी त्याने गाल आतून चावून धरला होता, आणि ते जास्तच लागत होतं.

देवश्री विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासायची. कुणाची गाडी खरंच ठोकली गेली आणि कुणी स्वतःच भिंतीला घासली, हे तिला फोटोवरून कळायचं. तीच नजर ती सुट्टीच्या दिवशी नगरमधल्या जत्रा, प्रदर्शनं आणि मिसळ महोत्सवांवर रोखायची. इन्स्टावर तिचं 'देवश्री तोलते' नावाचं पान होतं. ती गोड बोलत नाही म्हणूनच लोक तिला मानायचे.

"सांगितलंत ते बरं केलंत," ती ताठ मानेने म्हणाली. पण रांगेतून हलली नाही.

"तुम्ही अजून इथेच?"

"आता... आलेच आहे, तर..."

खरं कारण वेगळं होतं. महोत्सव सावेडीच्या टोकाला श्रीमंत लॉन्सवर होता. लॉनच्या मालकाचं नावच श्रीमंत. त्याने आयुष्यात लग्नांशिवाय दुसरं काही केलं नव्हतं, त्यामुळे बिअर महोत्सवही त्याने लग्नासारखाच लावला होता. गेटवर सनई, अंगावर गुलाबपाणी, हातात पेढा आणि वर लिंबू सरबत. तिकिटातच आहे म्हटल्यावर देवश्रीने सरबताचे तीन ग्लास वसूल केले होते. आता ते तिला वसूल करत होते.

"सहा दारं दिसतायत की! मग उघडं एकच का?" तिने पाय बदलत विचारलं.

तेवढ्यात खुद्द श्रीमंतच फेटा सावरत तिथून निघाला होता. तो थांबला. "ताई, बाकीच्या चाव्या शेवगावला गेल्यात. आपला आचारी हाय ना, त्याच्या खिशात. तिकडं लगीन हाय. फोन केलाय, पन त्यो बुंदी पाडतोय, उचलंना!" आणि तो माईककडे पळाला. मिनिटभरात भोंग्यावर आवाज घुमला, "वरपक्षाकडच्या मंडळींनी... आपलं ह्ये... बिअरवाल्या मंडळींनी स्टॉलचा लाभ घ्यावा. कुनी बिनजेवता जाऊ नये!"

निळा शर्टवाला आता मोकळेपणाने हसला. देवश्रीलाही हसू फुटलं, पण हसणं सध्या धोक्याचं होतं. तिने ओठ घट्ट मिटले.

"मी नोहा," तो म्हणाला. "तो कोपऱ्यातला स्टॉल माझा. टॉयलेटला चिकटून आहे तो. श्रीमंतभाऊ म्हणाले, ज्वारीच्या बिअरला कोण विचारतंय, बस तिकडं."

"ज्वारीची? बिअर?"

"सगळे असंच म्हणतात. 'घरी भाकरी खातोच की!' म्हणतात आणि पुढे जातात." सुप्याच्या एमआयडीसीत एका गाळ्यात तो ही बिअर बनवत होता. दोन वर्षं झाली होती. "आईला शब्द दिलाय. आज पिंप रिकामं झालं, तर नगरमध्येच राहायचं. नाही झालं, तर सोमवारी बंगळूर. तिथे मामांच्या कंपनीत खुर्ची तयार आहे. फिरणारी."

"आणि आत्तापर्यंत किती संपली?"

"एक ग्लास. तोही मीच प्यायलो. म्हणून तर रांगेत आहे."

रांग सरकत राहिली. तिच्या पानाबद्दल त्याला ठाऊक होतं. मागच्या दिवाळीत तिने ज्या फराळ प्रदर्शनाला पाचपैकी अर्धा दिला, तिथे त्याच्या आईचा केकचा स्टॉल होता. "हेलन आंटीचा? तो रमकेक?" देवश्रीने डोळे मोठे केले. "अहो, तो अर्धा त्या केकचाच तर होता!" नोहाने छातीवर हात ठेवून मान झुकवली. ऊन कलत होतं, कुठूनतरी भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येत होता, आणि टॉयलेटच्या रांगेत उभं राहून आपण केस पुन्हा कानामागे घेतोय, हे देवश्रीच्या लक्षात आलं. ते कानामागेच होते.

अखेर नोहाचा नंबर लागला. दार उघडलं. त्याने एक पाऊल टाकलं, मागे वळून तिच्याकडे बघितलं... आणि बाजूला झाला.

"तुम्ही जा."

"छे छे, तुमचा नंबर आहे!"

"मॅडम, तुम्ही गेली दहा मिनिटं एका पायावर उभ्या आहात. जा."

ती गेली. बाहेर आली, तर नोहा होता तिथेच, पण दारासमोर श्रीमंत आडवा हात धरून उभा. "पानी संपलं! टँकर येतोय. समद्यांनी जागेवर थांबा."

नोहाच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला.

दिलेल्या पैशाला काय मिळालं, याचा हिशोब देवश्री आयुष्यभर मांडत आली होती. काहीही न देता मिळालेल्या गोष्टीचं काय करायचं, ते तिला येत नव्हतं. "थँक्यू" म्हणावं, तर ते इतकं छोटं वाटलं की तिने तोंड उघडून परत मिटलं.

"तुम्ही जागा सोडू नका," ती एकदम म्हणाली. "स्टॉल मी बघते."

"तुम्हाला येतं?"

"त्यात काय यायचंय? नळ सोडायचा!"

पहिल्या ग्लासात फेस भरला. दुसऱ्यातही फेस. तिसऱ्या वेळी नळाने तिच्या कुर्त्यावर, टेबलावर आणि समोरच्या गृहस्थांच्या टकलावर फेस उडवला. "ग्लास तिरका धरा! तिरका!" रांगेतून नोहा दोन्ही हातांनी खुणा करत ओरडत होता. गृहस्थांनी टक्कल पुसलं, बोट चाटलं आणि "ठीक आहे" म्हणून निघून गेले.

चौथा ग्लास जमला. तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कशी आहे?" नोहाने रांगेतून विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. समोर पन्नास माणसं ऐकत होती. देवश्रीने त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"शिळ्या भाकरीसारखी."

रांग हसली. नोहाने मान खाली घातली. देवश्रीने दुसरा घोट घेतला, कारण निकाल द्यायचा तर दोन घोट घ्यायचे हा तिचा नियम होता... आणि ती थांबली. जिभेच्या मागे काहीतरी उमललं होतं. कोवळं, गोडसर, धुराचा हलका वास असलेलं. शेतात आगटीभोवती बसून गरम कणीस तळव्यांवर चोळावं तसं.

"थांबा!" ती ओरडली. "दुसऱ्या घोटाला हुरडा लागतो! खरंच! पहिला घोट वाईट आहे, अगदी वाईट, पण दुसऱ्याला हुरडा!"

नोहाने मान वर केली. त्याचे डोळे चमकत होते. "दोन वर्षांत," तो हळूच म्हणाला, "कुणी दुसरा घोट घेतलाच नव्हता."

टँकर यायचं नाव नव्हतं. रांगेला दुसरं काम नव्हतं. देवश्रीने ट्रे उचलला आणि रांगेच्या कडेने चालू लागली. "पहिला घोट आवडणार नाही, आधीच सांगते! दुसऱ्यासाठी थांबायची तयारी असेल त्यानेच घ्या!" नगरकराला असं आव्हान दिलं की तो मागे हटत नाही. लोक पहिल्या घोटाला तोंड वेंगाडायचे, दुसऱ्याला डोळे मिटायचे आणि तिसरा मागायचे. टँकर आला, दार उघडलं, नोहा आधी आत धावला, पण आता रांग संपेचना. माणूस आत जाऊन यायचा, मोकळा व्हायचा, पुन्हा ग्लास घ्यायचा आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहायचा. लॉनवरचे बाकीचे स्टॉलवाले माना उंच करून बघत होते. श्रीमंतला वाटलं की टॉयलेटच एवढं गाजतंय. त्याने माईकवरून आचाऱ्याचे, टँकरवाल्याचे आणि देवाचे आभार मानले.

"ताई, एक ग्लास. भरून द्या जरा," काउंटरसमोरून कुणीतरी म्हणालं.

ग्लास तिरका धरून देवश्रीने वर बघितलं.

समोर तिचे वडील होते. शामकांत, निवृत्त मुख्याध्यापक, गणिताचे. डोक्याला माकडटोपी. जानेवारीच्या दुपारी चारला, कुणी ओळखू नये म्हणून.

"देवश्री! तू तर दाव्यांच्या वर्कशॉपला गेली होतीस ना?"

"आणि बाबा, तुम्ही सांधेदुखीच्या व्याख्यानाला!"

सनई वाजत होती. शामकांतांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, खिशातून गेटवर मिळालेला एक दिवसाचा दारू पिण्याचा परवाना काढला आणि उलगडून तिच्यासमोर धरला. "हे वाच. आरोग्य राखण्यासाठी, असं छापलंय. सरकार म्हणतंय, मी नाही."

"आईला सांगू असं?"

शामकांतांनी परवाना घडी करून ठेवला. मग टोपी काढून टेबलावर ठेवली.

"फेस कमी ठेव," ते म्हणाले.

नोहा रिकामे ग्लास गोळा करून परतला, तेव्हा मुख्याध्यापक दुसऱ्या घोटाशी पोचले होते. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "ही तुम्ही बनवलीत?"

"हो सर."

"कुठले तुम्ही?"

"नगरचेच. आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते."

"विषय?"

"गणित."

शामकांतांनी डोळे उघडले. नोहाकडे त्यांनी असं बघितलं, की जणू वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाने बरोबर उत्तर दिलंय. "तीस वर्षं पोरांना सांगत आलो, पहिल्याच पायरीला वही मिटू नका. आज स्वतः चाखून कळलं. आभारी आहे बाळा." आणि ते ग्लास घेऊन श्रीमंतशेजारच्या खुर्चीत जाऊन बसले, अगदी वधूपित्यासारखे.

संध्याकाळ उतरली. पोरं मंडपाची कापडं सोडायला लागली. नोहाने पिंप तिरकं केलं. नळातून एक बारीक धार आली, अर्धा ग्लास भरून थांबली. भोवती कुणीच उरलं नव्हतं.

"राहिली की," तो म्हणाला.

"अर्धा ग्लास! तो काय धरायचा?"

"आईला शब्द दिलाय. रिकामं म्हणजे रिकामं. आणि मी पिऊन टाकली, तर ती फसवणूक होईल." तो हसायचा प्रयत्न करत होता. "पण खरं सांगू? आज तुम्ही नसता तर... सगळं पिंपच परत गेलं असतं. मी हरलो तरी तुमचे उपकार..."

"आधी माझा निकाल ऐका," देवश्री म्हणाली. "हा महोत्सव वसूल नाही. टॉयलेट एक, पाणी नाही, सावली नाही, पेढा शिळा. पाचपैकी एक. हे मी पानावर टाकणार आहे, कुणीही काहीही म्हणो."

"टाका की. खरं आहे ते."

"पण..." तिने ग्लास जवळ ओढला. बोटाने काचेवरचा ओलावा पुसत राहिली. "पण मला एक अशी गोष्ट मिळालीय, जिचे मी पैसेच दिले नव्हते. कुणीतरी स्वतःचा नंबर सोडला माझ्यासाठी. आणि मी थँक्यूसुद्धा म्हणाले नाही. मला... मला ते छोटं वाटलं."

"मग मोठं म्हण," नोहा हळूच म्हणाला. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

देवश्रीने ग्लास उचलला. पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं. दुसरा घेतला. डोळे मिटले. तिसऱ्याला ग्लास रिकामा करून त्याच्यासमोर उपडा ठेवला.

"बंगळूरला जाऊ नकोस," ती म्हणाली. "हे माझं थँक्यू."

त्याने ग्लासवरचा तिचा हात धरला. तो फेसाने चिकट झाला होता. तिने सोडवून घेतला नाही.

"पोरा!" लांबून शामकांतांची हाक आली. ते माकडटोपी उलटी घालून उठत होते. "रविवारी घरी चहाला ये. हिच्या आईला, नीलांबरीला मी सांगतो, व्याख्यानात भेटलास म्हणून. आणि चहाच मिळेल, हे आधीच सांगतो!"

सोमवारी जायची बस नोहाने त्याच संध्याकाळी रद्द केली.

रविवारी तो बरोबर पाचला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात आईने दिलेला रमकेक. त्याने वाकून नमस्कार केला, नीलांबरीबाईंनी "बसा ना" म्हटलं, आणि तो सोफ्यावर बसला. सोफ्यावर शामकांतांचा चष्मा होता. दोन्ही काचा फुटल्या. "पहिलीच पायरी आहे, वही मिटायची नाही," म्हणत शामकांतांनी केक कापायला घेतला.