सायमीच्या खिडकीतला लाल दिवा

तो हीटर जरा माझ्याकडे वळवा रे पोरांनो. बर्फाला भोक पाडून बसलोय खरं, पण आज मासा काही आपल्या नशिबात दिसत नाही. तेव्हा ऐका. ही गोष्ट माझी नव्हे, ताउनोची. थंडर बेजवळ लाप्पेच्या रस्त्यावर राहणारा, घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा ताउनो. शाळेपासूनचा दोस्त माझा. त्याने ही मला एकदाच सांगितली. परत विचारलं तर उठून जातो.

त्याच्या समोर, रस्त्यापलीकडे सायमी राहायची. चौऱ्याऐंशीची म्हातारी, एकटी. हट्टाला पेटली की कुणाच्या बापाला ऐकायची नाही. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत लाल दिवा असायचा. घर गार पडलं की आपोआप पेटणारा. तो दिसला की शेजाऱ्याने धावत जायचं, तुमच्या आजोबांच्या वेळेपासूनची रीत. सायमीचा नवरा गेला तेव्हा ताउनोने तिला शब्द दिला होता, "दिवा दिसला की मी आलोच." तेव्हापासून जेवणाची भांडी विसळताना तो रोज समोर बघायचा. लाल दिसलं नाही, की म्हातारी ठीक आहे. मग निवांत झोपायचा.

गेल्या जानेवारीत तिच्या वाढदिवसाला मुलगा ग्लेन आला, व्हँकुव्हरहून. येताना नवा हुशार थर्मोस्टॅट घेऊन आला, भट्टी आपणहून चालू-बंद करणारा. बसवायला अर्थात ताउनोच.

"आता हा दिवा कशाला हवाय?" ग्लेन म्हणाला. "घराचं सगळं माझ्या फोनवर दिसेल."

"तुझा फोन व्हँकुव्हरात. ताउनो समोर," सायमी म्हणाली.

"मग गार वाटलं तर त्याला फोन कर ना, आई!"

"थंडी वाजते म्हणून लोकांच्या दारात रडू? दिवा गुपचूप सांगतो रे. मला तोंड उघडावं लागत नाही."

ताउनो हसला. म्हणाला, "सायमीबाई, आता तुम्हीसुद्धा आधुनिक व्हा." ग्लेनने दिवा काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो आपल्या व्हॅनमधल्या खोक्यात टाकला. वर आईने उगाच बटणं दाबू नयेत म्हणून ग्लेनने त्या यंत्राला आकड्यांचं कुलूप लावलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

रविवारी सकाळी ग्लेन परत गेला. त्याच दुपारी थंडी उतरली, उणे अडतीस. ताउनोने रविवारी भांडी विसळताना समोर पाहिलं. लाल नाही. सोमवारी पाहिलं. लाल नाही. दोन्ही रात्री मस्त झोपला.

मंगळवार. महिन्यातला शेवटचा. संध्याकाळचे सहा, पण बाहेर मिट्ट काळोख.

खिडकीत लाल.

ताउनोने हात पुसले, बूट चढवले, निघाला. सवय, बाबांनो. डोक्यात दुसरा विचारच आला नाही.

दाराला कुलूप नव्हतं. आत त्याला स्वतःचा श्वास दिसत होता. स्वयंपाकघरात त्या लाल उजेडात ती खिडकीशी बसली होती. पाठमोरी. अंगात कोट.

"आलास?"

"आलो. आधी भट्टी बघतो, मग कॉफी टाका."

"बघ. ते भिंतीवरचं म्हणतं, घरात कोणी नाही."

तो तळघरात उतरला. गॅस चालू. वीज चालू. जाळी स्वच्छ. भट्टीला काहीसुद्धा झालं नव्हतं. तिला कुणी पेट म्हणालंच नव्हतं.

वर येऊन त्याने थर्मोस्टॅट पाहिला. आठ अंश. खाली अक्षरं... घरात कोणी नाही.

तेव्हा त्याला सगळं उमगलं. यंत्राला ओळख एकाच फोनची, ग्लेनच्या. फोन गेला, म्हणजे माणसं गेली. रिकाम्या घराला आठ अंश पुरेत. ठरलेले आठ, झालेले आठ, मग ते ग्लेनकडे तक्रार कसली करणार? आणि म्हातारीकडे कुलपाचे आकडे नव्हते.

त्याने यंत्र भिंतीवरून उपटलं. मागची लाल आणि पांढरी तार एकमेकींना पिळली. खाली भट्टी धडधडून पेटली.

"पेटली हो, सायमीबाई!"

"सायमीबाई?"

"असू दे रे आता..."

आवाज स्वयंपाकघरातून आला. तो तिथे गेला. खुर्ची रिकामी. अंधार.

ती झोपायच्या खोलीत होती. कोट घालून, दोन गोधड्यांखाली. त्याने हात धरला, आणि सोडला. थंडर बेहून आलेले डॉक्टर म्हणाले, सोमवारी पहाटेच गेली असावी.

ताउनो तिथेच जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला. घर रात्रभर गरम होत राहिलं. आता कुणाला हवं होतं?

तिला नेल्यावर तो स्वयंपाकघरात गेला, खिडकीतला दिवा काढून घ्यायला. खिडकीत काहीच नव्हतं. नुसता धुळीतला गोल डाग.

मग त्याला आठवलं.

व्हॅन त्याच्या अंगणात उभी होती. कुलूपबंद, तीन दिवस न हललेली. आत हत्यारांवर पांढरं दव गोठलेलं. खोकंही गोठलेलं. त्यात दिवा. वायर गुंडाळलेली, तशीच, त्यानेच गुंडाळलेली.

त्याने हातमोजा काढला. काचेला बोट लावलं.

गरम होती.