घंटा वाजवू नये

दसऱ्याला सकाळी आठच्या ठोक्याला पहिली बोट सोडायची, असं आजोबांनी कबूल केलं होतं. सव्वाआठ झाले तरी दोन्ही बोटी धक्क्याला बांधलेल्याच होत्या. आजोबांचा पत्ता नव्हता.

तनयाचे आजोबा, श्यामसुंदर आपटे, कात्रजजवळच्या एका सोसायटीच्या तळ्यावर विजेच्या बोटी सांभाळायचे. धक्काभर त्यांच्या हातच्या पाट्या होत्या. पितळी घंटेखाली लिहिलं होतं, 'ही घंटा आमच्याखेरीज कोणीही वाजवू नये.' कोणी वाजवलीच, तर आजोबा हातातलं काम टाकून धावत येत. बॅटरीच्या खोलीवर, 'दार लावून घ्यावे. कबुतरांना आमंत्रण नाही.'

त्या दाराशी येऊन उजैर थबकला. त्याचे अब्बा, रहीमचाचा, बॅटऱ्या दुरुस्त करायचे. शाळा सुटली की तो त्यांच्याच दुकानात असायचा.

"तनया, वास बघ."

कुजलेल्या अंड्यांचा वास! तनयाने दाराला कान लावला. चहाचं आधण ठेवल्यासारखी आत खळखळ चालली होती. तिने वर पाहिलं. तिन्ही झरोक्यांत पोती कोंबलेली होती. कबुतरांसाठी, अर्थातच.

उजैरचा चेहरा उतरला. चार्जर कालपासून चालूच राहिलाय, तो म्हणाला. बॅटरी भरल्यावरही वीज जात राहिली की आतल्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो. त्याला स्वतःला वास नसतो. हा वास म्हणजे बॅटरी जास्त तापल्याची खूण. हायड्रोजन छताशी साठत जातो, आणि मग एक ठिणगी पुरते.

तेवढ्यात आतून आजोबा खाकरले. आज दसरा, अवजारांची पूजा! सकाळी ते झेंडू, निरांजन आणि काडेपेटी ताटात घेऊन घरातून निघाले होते.

तिने दारावर दोन्ही मुठी आपटल्या. आतून कडी होती.

"आजोबा, बाहेर या! आत गॅस साठलाय!"

"गॅस स्वयंपाकघरात असतो. इथे बॅटऱ्या आहेत."

"काडी ओढू नका!"

"मग निरांजन काय फुंकर मारून लावू? पूजा होईपर्यंत तोंड बंद."

उजैर भिंतीवरच्या मेन स्विचकडे धावला. तनयाने त्याची बाही धरली.

"आतला दिवा गेला, तर ते आधी काय करतील?"

उजैरचा हात हवेतच राहिला. अंधार झाला की ते काडीच ओढणार. दार शिसवी होतं. दोघांनी खांदे लावले, ते हललंसुद्धा नाही. आजोबांचं स्तोत्र शेवटच्या ओळीवर आलं. मग ते थांबलं, आणि काडेपेटी खुळखुळली.

ओरडून ते ऐकत नाहीत, रडूनही ऐकणार नाहीत. मग कशाने येतात बाहेर? आजवर एकाच गोष्टीने आले होते.

ती घंटेकडे धावली. दोरी दोन्ही हातांनी धरली आणि वाजवत सुटली. एकदा नाही, दहादा नाही. तळ्यापलीकडची बदकं उडाली तरी तिचे हात थांबले नाहीत.

कडी खाडकन निघाली.

"कोण आहे तो निरक्षर?"

आजोबा दारात उभे होते. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी. न पेटलेली. तनयाने त्यांना मिठी मारली आणि तशीच ओढत गवतापर्यंत नेलं. उजैरने मेन स्विच पाडला. आजोबा ओरडतच चार्जरचे चिमटे काढायला वळले, तेव्हा तो आडवा उभा राहिला. "आजोबा, नको. चिमटा सुटताना ठिणगी उडते."

उजैरने लांब बांबूने पोती खाली ओढली. त्याचा फोन मिळताच रहीमचाचा स्कूटरवरून आले. त्यांनी सगळ्यांना लांब बसवलं आणि खोलीत तासभर नुसता वारा खेळू दिला. मग आत जाऊन ते एक बॅटरी बाहेर घेऊन आले. तिच्या कडा फुगल्या होत्या. चार्जर आपोआप बंद व्हायचा, तो बिघडला होता. आजोबांनी वाकून तिची फुगलेली कड पाहिली. काडेपेटी अजून त्यांच्या मुठीतच होती.

"आपटेसाहेब," रहीमचाचा म्हणाले, "आज ही पोरं नसती, तर मी इथे वेगळ्याच कामाला आलो असतो."

आजोबांनी काडेपेटी उजैरच्या हातात दिली. "तू ठेव. तुला काडी कुठे ओढायची नाही ते कळतं." तनयाच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

संध्याकाळी पूजा झाली, उघड्यावर, धक्क्यावर. बॅटरीच्या खोलीवर नवी पाटी लागली होती, 'दार उघडे ठेवावे. कबुतरांचे आम्ही बघू.' आणि घंटेखालच्या जुन्या पाटीत ओल्या रंगाने एक ओळ वाढली होती,

'तनया व उजैर यांनी केव्हाही वाजवावी.'