तीसपर्यंतची विहीर

सुमती दारातून बाहेर पडायला आणि ताराचंद आत यायला एकच गाठ पडली. त्याच्या हातातला कार्डांचा गठ्ठा फरशीवर पसरला. साल अठ्ठ्याहत्तर, मे महिन्याची दुपार. नागपूरच्या त्या भूजल कार्यालयात कूलरसुद्धा धापा टाकत होता.

"नंबर टाकले आहेत ना कार्डांवर?" वाकून वेचता वेचता तिने विचारलं.

"टाकले... चूकच झाली. नाही तर तुमच्यासोबत बसून लावता आली असती."

सुमती हसली नाही. म्हणजे, त्याला दिसेल असं हसली नाही.

ताराचंद गावोगावच्या विहिरींतलं पाणी मोजून आणी. ती मोजमापं कार्डांवर भोकं पाडून संगणकाला दिली, की सुमतीने लिहिलेला प्रोग्राम त्यांचा आलेख छापी. कडेला कोणते आकडे द्यायचे, हेही तोच ठरवी. पाणी अठरा मीटरपर्यंत खाली गेलं असेल, तर शून्य, पाच, दहा, पंधरा, वीस. ना गिचमीड, ना अडनिडे आकडे. कुणालाही चटकन वाचता यावेत असे.

त्या दिवशी नऊ विहिरींचे आलेख चोख निघाले. दहावी विहीर सावनेरजवळच्या रामाजींची. तिच्या आलेखावर आकडे आले – शून्य, दहा, वीस, तीस.

सगळ्यात खोल मोजमाप होतं अठरा पूर्णांक सात. तिने कार्डं तपासली, पुन्हा घातली. तीस. एकेक कार्ड काढून पाहिलं. तरी तीस. रेघ अठरावर थांबलेली, आणि खाली तेवढा कोरा कागद... जणू कुणासाठी जागा राखून ठेवलेली.

"तुमच्या मशीनले आमची विहीर लय आवडली वाटते," ताराचंद म्हणाला. "उद्या तिच्यात उतरून तळचा गाळ आणतो. विचारूनच येतो तिले."

सुमतीच्या अंगावर भर उन्हाळ्यात काटा आला. "मी पण येते."

"तुम्ही काहून?"

सुमती कार्डांचा गठ्ठा सारखा करू लागली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दोघं विहिरीपाशी पोचली. शेतात रामाजींखेरीज चिटपाखरू नव्हतं. कठड्यावरून वाकून सुमतीने खडा टाकला. आवाज आला, पण उशिरा... आणि विहिरीच्या तळातून नव्हे, त्याच्याही खालून कुठून तरी.

ताराचंदने कमरेला दोर बांधला, एक पाय कठड्यापलीकडे टाकला. तिने त्याचं मनगट धरलं.

"उतरू नका."

"अहो, रामाजी पाहून राहिले..."

"पाहू द्या. तो तीस कुठून आला ते समजेपर्यंत नाही."

तिचे डोळे पाहून त्याने पाय मागे घेतला. दोर सोडतच होता, तोच खालून लांब सुस्कारा आला – झोपेत कुणी कूस बदलावी तसा – आणि विहिरीचा तळ पाण्यासकट खचून गेला.

मग रामाजी पुटपुटले, "म्हातारे सांगत होते बाई, खाली इंग्रजाच्या टायमातला कोळशाचा बोगदा हाये म्हणून."

ताराचंदने टेप सोडली. एकोणतीस मीटर, चाळीस सेंटिमीटर.

दुसऱ्या दिवशी सुमतीने तीच जुनी कार्डं पुन्हा घातली. नवं मोजमाप त्यांत नव्हतं. छापून आलं – शून्य, पाच, दहा, पंधरा, वीस.

कागद हातात धरून ती पाहतच राहिली. मागे ताराचंद कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही.

"एक विचारू? प्रोग्रामची चूक असती, तर इथं बसूनही सापडली असती. तुम्ही एवढ्या उन्हात काहून आल्या?"

"मले त्या आकड्याची भीती नव्हती वाटली," ती कागदाकडेच पाहत म्हणाली. "तुमच्यासाठी वाटली होती."

तो हळूच म्हणाला, "आई माझ्यासाठी पोरगी पाहून राहिली... आता मी तिले काय सांगू?"

"सांगा..." सुमतीने मान वर केली, "पोरगी मनगट धरते, अन् मग सोडत नाही."