तिच्या जागी

कागदांवरच्या सह्या आणि अंगठे खरे की खोटे हे तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत मी काम करते. आमच्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं जमिनीची आणि घरांची असतात. मी सूक्ष्मदर्शकाखाली रेषा पाहते आणि अहवाल लिहिते. आत्या मला ‘भिंगोबा’ म्हणायची.

मला आत्यानंच वाढवलं. एका रविवारी भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, “भिंगोबा, दुसऱ्याच्या नावानं अंगठा दिला तर तो ओळखता येतो का गं?”

“येतो. का?”

“मी दिलाय.”

बाबांच्या ओळखीच्या एका दलालानं तिला गाठलं होतं. एक मालकीणबाई घर विकताहेत, पण त्या अंथरुणाला खिळल्यात, नोंदणी कचेरीचा जिना त्यांना चढवत नाही. त्यांच्या जागी तेवढं उभं राहा, असं तो म्हणाला. आत्या उभी राहिली. साहेबानं नाव विचारलं, तिनं त्या बाईंचं सांगितलं. कचेरीतला कॅमेरा नेमका त्या दिवशी बंद होता. अंगठा उठवून ती घरी आली आणि कपडे वाळत घातले. पुढे तिच्या कानावर आलं, की मालकीणबाईंना या विक्रीची खबरही नव्हती. त्या आता वारल्या होत्या. घराबाहेर काढलेली त्यांची मुलगी कोर्टात भांडत होती.

“आणि दलाल?”

“तोंड काळं करून गेला. मी कुठं जाऊ?”

आम्ही मुलीच्या वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी मला दोन प्रती दिल्या: खरेदीखतावरचा अंगठा, आणि मालकीणबाईंच्या जुन्या पेन्शनच्या कागदावरचा. मी आत्याचा अंगठा घेतला आणि तिन्ही शेजारी ठेवले. पेन्शनच्या कागदावर भोवरा होता, मधोमध गोल फिरणाऱ्या रेषा. खरेदीखतावर आणि आत्याच्या बोटावर फास होता, म्हणजे एका बाजूनं येऊन वळून त्याच बाजूला जाणाऱ्या रेषा. रेषांचे बारकावेही जुळत होते. शंकेला जागाच नव्हती.

“माझ्या अंगठ्यात फास?” आत्या म्हणाली. “बरोबर आहे. अडकलेच मी.”

वकीलबाई हसल्या नाहीत. “तुम्हाला शिक्षा होऊ शकते, काकू.”

“होऊ दे. पोरीला तिचं घर तर मिळेल.”

तारीख पुढच्या महिन्यातली पडली. त्याच सुमारास आत्या आमच्या घरातली दारं पायानं ढकलायला लागली. हात कडीवर, आणि खालच्या कोपऱ्याला पायाचा एक धक्का. आमची दारं नुसत्या बोटानं उघडतात. मी विचारलं तेव्हा ती आपल्याच पायाकडे बघत राहिली.

मग ती मधेच बोलणं थांबवून वर कान द्यायची. “टाकी भरून वाहतेय बघ.” आमच्या डोक्यावर टाकी नाही, तिसऱ्या मजल्यावरचं कुटुंब आहे.

मला वाटलं, अपराधाची टोचणी. माणूस ज्याचा सतत विचार करतो त्याच्यासारखं वागू लागतो, याला स्पष्टीकरण आहे. मी तेवढ्यावर समाधान मानलं, पण हातातली कामं अर्धवट राहू लागली.

वादातलं घर वकीलबाईंबरोबर मी एकदाच पाहिलं. विकत घेणाऱ्यानं ते रिकामंच ठेवलं होतं. कोर्टाच्या परवानगीनं मिळालेल्या किल्लीनं कुलूप काढून त्यांनी दार लोटलं. ते हललं नाही. खालच्या कोपऱ्यात लाकूड फुगलं होतं. नकळत माझा पाय पुढे गेला. दार उघडलं. वर कुठेतरी पाणी वाहत होतं.

घरी आल्यावर मी आत्याला म्हटलं, “तू कोर्टात नको जाऊस.”

“वेडी का काय? पोर त्या भाड्याच्या खोलीत राहतेय. ओल आली की तिचा दमा उसळतो.”

“तुला कुणी सांगितलं?”

तिनं जरा विचार केला. “हे काय कुणी सांगायला लागतं?”

तारखेच्या आधी कोर्टात द्यायच्या अर्जासाठी तिचा अंगठा पुन्हा घ्यायचा होता. मी घेतला. भिंगाखाली धरला.

भोवरा.

कागद बदलला असेल म्हणून तिला साबणानं हात धुवायला लावले आणि पुन्हा घेतला. भोवरा. मी आधीचा ठसा काढला. तोही भोवरा. खरेदीखताच्या प्रतीवरही तोच. माझ्या टिपणात माझ्याच अक्षरात ‘फास’ लिहिलेलं होतं, एवढंच.

बोटावरच्या रेषा आईच्या पोटात तयार होतात आणि मरेपर्यंत बदलत नाहीत. माझा पगार या एका वाक्यावर चालतो.

मी सरांना दाखवलं. सरांनी ठसे पाहिले, टिपण पाहिलं, मग मला पाहिलं. “थकली आहेस. रजा टाक.”

कोर्टात दुपारची वेळ होती. पंखा आवाज करत होता. आत्या पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ झाली. नाव विचारलं.

तिनं नाव सांगितलं. ते आत्याचं नव्हतं.

मागच्या बाकावर मुलगी ताठ झाली.

कोर्टानं नेमलेल्या तज्ज्ञानं तिथंच तिचा अंगठा घेतला आणि बराच वेळ खाली मान घालून तपासला. खरेदीखत, पेन्शनचा कागद आणि साक्षीदार. “तिन्ही एकाच व्यक्तीचे.”

“खरेदीखतावर अंगठा कुणी दिला?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मीच.”

त्यांनी चष्मा काढला आणि मुलीकडे पाहिलं. “तुमची आई वारली असेल, तर या बाई त्या नव्हेत. मग अंगठ्याचा हा पुरावा मला बाजूला ठेवावा लागेल आणि घर तुम्हाला परत मिळू शकेल. मृत्यूचा दाखला आज देणार होतात. आई वारली आहे ना तुमची?”

मुलगी उठली. हातात पिशवी होती, पिशवीत दाखला. श्वास घेताना तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती.

“पंप विसरलीस ना,” आत्या पिंजऱ्यातून म्हणाली. “पुन्हा.”

मुलीनं पिशवीचं तोंड आवळून धरलं.

“सांगा,” न्यायाधीश म्हणाले.

वकीलबाई तिचा हात दाबत होत्या.

“नाही,” मुलगी म्हणाली. “ती काय, समोर उभी आहे.”

“मग घर त्यांनीच विकलं, हे मान्य आहे?”

“आईनं दिलं असेल तर दिलं.”

दावा संपायला त्यानंतर फार वेळ लागला नाही. मुलगी पुढे आली, तिनं आत्याचा दंड धरला, आणि दोघी बाकांमधून सावकाश निघाल्या. मी वाटेत उभी होते.

“जरा सरकता का?” आत्या म्हणाली. अनोळखी माणसाशी बोलताना असतं, तसं हसली.

दार बंदच होतं. तिनं ते पायानं ढकललं.

दालन रिकामं झालं. पिंजऱ्याच्या गुळगुळीत कठड्यावर तिच्या घामेजल्या अंगठ्याची खूण राहिली होती. मी वाकले. खिशातलं भिंग काढलं.

ओल अजून वाळली नव्हती. रेषा सरकत होत्या, अगदी सावकाश, आतल्या बाजूला.