अंगभर अगर

हे रात्रीचं नाही. भरदुपारी घडलेलं आहे, आणि आमच्याच घरात घडलेलं आहे. शपथेवर सांगतो.

साल १८६४. अमरावती-अचलपूर रस्त्यावरचं आसेगाव. पोळ्यानंतरचा चौथा दिवस.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव. आमच्या घरच्या खुशालराव पाटलाच्या हातात पैसा खुळखुळायला लागला, आणि गड्याला नवाबी शौक सुचला! अचलपूरच्या इनायतुल्ला अत्तारवाल्याकडून त्यानं अगराचं अत्तर आणलं. तीस वर्षं मुरलेलं. जुन्या लाकडाचा तो गडद वास एकदा घेतला की माणूस जागचा हलत नसे.

इनायतुल्लानं बजावलं होतं, "पाटील, फाया कानात ठेवा. अंगाले चोळू नका. चांगल्या झाडाले अगर येत नाही. झाड आतून सडते, तवा हा वास धरते."

ऐकेल तो खुशालराव कसला! पोळ्याच्या सकाळी अख्खी कुपी तेलासारखी अंगाला चोळून मोकळा झाला.

संध्याकाळी बैल त्याला जवळ येऊ देईनात.

बायको जमुना हसली. "पाहा, बैलायनं बी नाही ओयखलं तुमाले!"

तीन दिवसांनी अत्तर उडालं...

खाली काहीच उरलं नव्हतं.

नवऱ्याच्या अंगाचा घामाचा, सरकीचा, तंबाखूचा वास... गेला. जमुनानं त्याचा सदरा नाकाला लावून पाहिला. काहीच नाही. कुत्रं त्याच्या पायाशेजारून गेलं, शेपूट हललं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तो पाटावर जेवत होता. जमुना वाढत होती.

गोठ्यात बैल एकदम हंबरले. आनंदानं.

मग बंद दाराच्या फटीतून वास आला... घाम, सरकी, तंबाखू.

कडी वाजली.

"जमुने, दार उघड. मले घरात काहून घेत नाही वं?"

आवाज खुशालरावाचा!

तिनं फटीतून पाहिलं. दारात कोणीच नव्हतं.

पाटावरचा माणूस शांतपणे म्हणाला, "नको उघडू. भाकर वाढ."

तिचा जीव दाराकडे ओढत होता. पण समोरचं तोंड, हात, कपाळावरचा व्रण... सगळं नवऱ्याचंच. बाई करेल तरी काय?

तिनं भाकर वाढली.

बाहेरचा आवाज तीन दिवस दाराशी रडला. मग तो वास अचलपूरच्या वाटेला लागला. बैलांनी दावी तोडली आणि त्याच्यामागं गेले. परत आले नाहीत.

जमुना घरातल्या माणसासोबतच नांदली. लग्नाला सात वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. पुढच्या वर्षी मुलगा झाला.

मी त्या मुलाचा पणतू.

आम्ही कोणाचा वंश, हे आमच्या घरात कोणी बोलत नाही...